सांकेतिक भाषेचा डेटा : कॅमेरा सुरू करण्याआधी काय ठरवायचं आणि नंतर काय निस्तरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका गटाला भारतीय सांकेतिक भाषेचा डेटा जमवायचा आहे. महाराष्ट्रातल्या ५० कर्णबधिर व्यक्तींना लॅपटॉपवर प्रत्येकी ५०० मराठी वाक्यं दाखवायची, त्यांनी ती खुणांनी सांगायची, मोबाइलवर चित्रीकरण करायचं आणि त्यावर अनुवादाचं मॉडेल शिकवायचं, असा बेत आहे. अडचणी काय येतील, वेळ किती लागेल, असं विचारलं आहे.

मोबाइल, मॉडेल यांचं नंतर बघू. खरी अडचण ‘मराठी वाक्यं दाखवायची’ इथेच सुरू होते. वाक्य मराठीतून दिलं की हातावर मराठीच उतरते. एकच उदाहरण घ्या. पडद्यावर ‘कोण आलं?’ दिसतं. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नासाठी एक सर्वसाधारण खूण आहे (तिला इथे ‘काय’ म्हणू) आणि ती वाक्याच्या शेवटी येते. ‘कोण’ विचारताना तिला ‘चेहरा’ ही खूण जोडतात, ‘कुठे’साठी ‘जागा’. म्हणजे दोन बधिर माणसं आपसात बोलत असतील तर आधी ‘येणं’, मग ‘चेहरा-काय’, आणि प्रश्न विचारतानाचा चेहरा वेगळा. पण वाक्य समोर लिहिलेलं असेल तर वाचणारा शब्दामागून शब्द घेतो, ‘कोण’ आधी येतं, चेहरा कोराच राहतो. ‘पाऊस आला तर मी येणार नाही’ या वाक्यात तर आणखी पंचाईत. ‘तर’चं काम एरवी वर गेलेल्या भुवया आणि त्यानंतरचा क्षणभराचा थांबा करतात. लिखित वाक्यातला ‘तर’ मात्र सुटा शब्द असतो, म्हणून माणूस त्याच्यासाठी हाताची खूण शोधायला लागतो. असे २५,००० नमुने जमवले तर मॉडेल खुणांतली मराठी शिकेल. बधिर माणसाशी बोलताना त्याचा उपयोग होणार नाही.

दुसरं असं की अनेक बधिरांसाठी लिखित मराठी ही शाळेत कष्टाने शिकवलेली दुसरी भाषा आहे. वाक्य नीट न समजलेला माणूस शेजारच्याला विचारतो आणि त्याच्या खुणा तशाच उचलतो. ज्यांचं वाचन चांगलं तेच शेवटपर्यंत टिकतात, आणि ते बहुधा शहरातले, शिकलेले, तरुण असतात. साताऱ्याच्या एखाद्या खेड्यातली पन्नाशीची बाई या डेटात येतच नाही.

त्याऐवजी माणसं जोडीने बसवा. एकमेकांना आधीपासून ओळखणारे, साधारण एका वयाचे दोघे. एकाला दोन-तीन मिनिटांची मूक कार्टूनफीत दाखवा आणि ती न पाहिलेल्या दुसऱ्याला सांगायला लावा. ऐकणाऱ्याला खरोखर माहीत नसलं की सांगणारा खरोखर सांगतो, संशोधकासाठी सादर करत नाही. शब्द नसलेली चित्रगोष्ट, थोडा फरक असलेली दोन चित्रं, एखाद्या पदार्थाची कृती, लहानपणची शाळा, असे सात-आठ विषय पुरतात. शेवटी अर्धा तास मोकळ्या गप्पा. गप्पांची पहिली दहा मिनिटं अवघडलेली जातात. ती फेकू नका, नोंदीत तशी खूण करून ठेवा.

आणि खोलीत ऐकू येणारं माणूस नको. सांकेतिक भाषा उत्तम येणारी दुभाषी असली तरी नको. तिला बघताच बधिर माणूस सौजन्याने आपली भाषा बदलतो: वेग कमी, ओठांवर पूर्ण मराठी शब्द, क्रम मराठीचा. हा बदल इतका सवयीचा असतो की करणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून सत्र चालवणारी व्यक्ती बधिर हवी आणि त्याच गावची हवी. ब्रिटिश सांकेतिक भाषेच्या व्हिडिओंचा संग्रह २००८ ते २०११ या काळात आठ शहरांत २४९ जणांकडून झाला, तेव्हा स्थानिक बधिर कार्यकर्त्यांनीच माणसं जमवली आणि सत्रं घेतली. त्या भागात किमान दहा वर्षं राहिलेले आणि लहानपणापासून खुणा करणारे लोक निवडण्याकडे त्यांचा कल होता. ही अट आपल्याकडेही धरावी, पण जशीच्या तशी नाही. कारण पुढे सांगतो.

२०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांचा आकडा ५०.७ लाख आहे. प्रकल्पाच्या अर्जात तो ‘सांकेतिक भाषा वापरणारे’ म्हणून घालतात, ते चूक आहे. त्यात म्हातारपणी ऐकू येईनासे झालेले आहेत, सांकेतिक भाषा कधी पाहिलीच नाही असेही आहेत. दहातली नऊ बधिर मुलं ऐकणाऱ्या घरात जन्मतात, त्यामुळे ही भाषा आईकडून मिळत नाही. ती मिळते शाळेच्या वसतिगृहात, मधल्या सुट्टीत, मोठ्या मुलांकडून. वर्गात बहुतेक शाळांनी अनेक दशकं फक्त ओठवाचन आणि बोलणं शिकवलं, हात हलवला की ओरडा बसायचा. म्हणून माणसाविषयीची माहिती काळजीपूर्वक घ्यावी लागते: बधिरत्व कोणत्या वयात आलं, खुणा पहिल्यांदा कोणत्या वयात आणि कुणाकडून शिकल्या, कोणत्या शाळा, वसतिगृह होतं का, घरात आणखी कोणी बधिर आहे का, लग्नानंतर कुठे राहायला गेली, हात उजवा की डावा. ‘गाव’ एवढी एकच नोंद जवळजवळ निरुपयोगी आहे. नागपूरची मुलगी पुण्याच्या वसतिगृहात शिकून कोल्हापूरला सासरी गेली असेल, तर तिच्या खुणा पुण्याच्या असण्याची शक्यता जास्त.

लहानपणापासून खुणा करणारे एवढेच घेतले तर भाषेचं व्याकरण स्वच्छ दिसतं, पण आपल्याकडच्या मोठ्या वर्गाला बाहेर ठेवलं जातं. पंधराव्या वर्षी ही भाषा भेटलेले लोकही तिचे रोजचे वापरकर्ते आहेत. दोन्ही गट घ्या, मात्र माहितीच्या रकान्यात वेगळे ठेवा आणि निष्कर्ष काढताना एकत्र मिसळू नका. केवळ घरच्या, म्हणजे घरातल्या माणसांशी बोलताना आपापसात तयार झालेल्या, खुणा वापरणाऱ्या माणसाचं चित्रीकरण ‘भारतीय सांकेतिक भाषा’ या नावाखाली घालू नये. कर्नाटकातल्या अलीपूरसारख्या गावाची स्वतःची सांकेतिक भाषा आहे, तीही वेगळीच मोजायची.

शब्दांतल्या फरकाचं काय करायचं? मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बेंगळुरू इथल्या खुणांची वेगवेगळी पुस्तकं १९८०च्या दशकातच निघाली. व्याकरण बरंचसं एक आणि शब्दसंग्रह जागोजागी निराळा, असं पुढच्या अभ्यासांतही दिसलं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश २०१८ मध्ये ३,००० नोंदींनी सुरू झाला आणि २०२१ मध्ये १०,००० नोंदींवर पोहोचला. कोश मोलाचा आहे, पण त्यातली खूण ‘बरोबर’ आणि सोलापूरच्या माणसाची ‘चूक’ असं ठरवून ती पुन्हा करायला लावणारे प्रकल्प होतात. तेवढ्याने डेटा बिघडतो आणि माणूसही दुखावतो. आपलीच भाषा चुकीची हे त्याने शाळेत पुष्कळ ऐकलेलं असतं. शिवाय कोशातली खूण सावकाश, सुटी, पूर्ण केलेली असते. गप्पांत कपाळाजवळची खूण गालापर्यंत खाली येते, दोन हातांची खूण एका हाताने होते, आधीच्या खुणेचा हाताचा आकार पुढच्या खुणेत शिल्लक राहतो. हे झिजणं हीच जिवंत भाषेची रीत आहे आणि अभ्यासायचं ते हेच.

आता चित्रीकरण. दोघे समोरासमोर, दीड ते दोन मीटर अंतरावर, हात नसलेल्या खुर्च्यांवर. कॅमेरे किमान तीन: प्रत्येकाच्या समोर एक, समोरच्याच्या खांद्याच्या बाजूने, आणि दोघे एकत्र दिसतील असा एक. हात पुढे येतो की मागे जातो हे अभ्यासायचं असेल तर चौथा डोक्यावरून. कॅमेरा अडीच-तीन मीटर मागे, छातीच्या उंचीवर, आणि झूम करून. जवळ ठेवलेल्या मोबाइलची रुंद भिंग पुढे आलेला हात चेहऱ्याएवढा दाखवते. चौकटीत डोक्यावर वीतभर जागा, दोन्ही कोपरं पूर्ण पसरली तरी आत, खाली मांड्यांपर्यंत. सर्वांत जास्त नुकसान घट्ट चौकटीने होतं, कारण ते नंतर दुरुस्त होत नाही.

सेकंदाला ५० फ्रेम घ्या. बोटांनी हिज्जे करताना सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज जातात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका अक्षराच्या वाट्याला पाच-सहा फ्रेम येतात आणि त्यातल्या बऱ्याच एका अक्षरातून दुसऱ्यात जातानाच्या असतात. शटर, म्हणजे एक फ्रेम टिपण्याचा वेळ, १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, १/५० वर बोटं पुसट होतात. पण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते आणि वेगवान शटरला ते पकडता येतं, म्हणून न मिणमिणणारे एलईडी दिवे भाड्याने घ्या. ते नसतील तर १/१०० वर थांबा. मोबाइलची नेहमीची ३० फ्रेमची सेटिंग या विजेवर चित्रात सरकते पट्टे आणू शकते. छताच्या पंख्याकडेही बघा. त्याचं पातं दिवा आणि माणूस यांच्यामधून फिरत असेल तर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येतो. दिवे पंख्याच्या खाली, दोन्ही बाजूंना ४५ अंशांत लावा. पंखा बंद केलात तर एप्रिलमध्ये वीस मिनिटांत माणूस घाम पुसायला लागतो आणि प्रत्येक वेळी हात चेहऱ्याकडे जातो.

मोबाइल वापरायचाच असेल तर दोन गोष्टी तपासा. पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा काही फोनांत आरशातली प्रतिमा साठवतो आणि उजवा माणूस डावरा होतो. एकदा असे व्हिडिओ मिसळले की वेगळे काढणं कठीण, कारण खरे डावरेही असतातच. दुसरं, मोबाइलचा फ्रेमवेग स्थिर नसतो. अर्ध्या तासात दोन फोनांच्या चित्रात पुष्कळ फ्रेमचा फरक पडू शकतो, मग एकाचा प्रश्न आणि दुसऱ्याची मान डोलावणं यांचा मेळ बसत नाही. फाइल स्थिर फ्रेमवेगावर एच.२६४ या प्रचलित व्हिडिओ-प्रकारात बदलून घ्या आणि सत्राच्या सुरुवातीला व शेवटी सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी, चित्रपटाच्या शूटिंगला असते तशी पाटी वाजवा किंवा फ्लॅश मारा. फक्त सुरुवातीला केलंत तर मधली घसरण कळत नाही.

कपडे एकरंगी, त्वचेपेक्षा वेगळ्या रंगाचे, मागे साधा निळा किंवा राखाडी पडदा. ओढणी किंवा पदर खांद्याला पिन केलेला बरा. बांगड्या, मंगळसूत्र काढायला सांगू नका, मॉडेलची सोय माणसाच्या मानाहून मोठी नाही. चष्म्यावर दिव्याची तिरीप नको, नजर कुठे वळते हे व्याकरणाचा भाग आहे. तोंडात तंबाखू किंवा सुपारी नको, कारण ओठांच्या हालचालीही नोंदवायच्या आहेत. हे आधीच्या दिवशी व्हिडिओ निरोपाने कळवा.

साठवणीचा हिशेब: ५० मेगाबिट प्रतिसेकंदाने एका कॅमेऱ्याचा एक तास म्हणजे २२.५ जीबी. चार कॅमेरे, दोन तास, म्हणजे १८० जीबी. तीन प्रती ठेवायच्या तर एका सत्राला ५४० जीबी. मूळ फाइली पुसू नका. आज हाताची २१ बिंदूंची आकृती काढून व्हिडिओ टाकून देण्याचा मोह होतो, पण असे बिंदू शोधणारी मीडियापाइपसारखी साधनं एक हात दुसऱ्यावर आला, हात चेहऱ्यासमोर आला की चुकतात, आणि सांकेतिक भाषेत हे सतत घडतं. दोन वर्षांनी अधिक चांगलं साधन येईल तेव्हा मूळ चित्र हातात हवं.

संमतीबद्दल तडजोड चालणार नाही. इतर संशोधनात चेहरा धूसर करून ओळख लपवता येते. इथे चेहरा धूसर केला की प्रश्न, नकार, जर-तर सगळं जातं. ओळख लपणार नाही हे आधी स्पष्ट सांगायला हवं. मराठी अर्जावर सही घेणं पुरेसं नाही. मजकूर बधिर व्यक्तीने सांकेतिक भाषेत समजावलेला व्हिडिओ हवा आणि संमतीही व्हिडिओवर घ्या. तीन परवानग्या वेगवेगळ्या: अभ्यासासाठी, लोकांना दाखवण्यासाठी, यंत्र शिकवण्यासाठी. पहिलीला हो आणि तिसरीला नाही म्हणण्याची मुभा खरी असली पाहिजे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा हक्क दिला आहे, १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. व्हिडिओ काढून टाकता येतो, पण त्यावर शिकून झालेल्या मॉडेलमधून तो सहज काढता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगा.

गप्पांत तिसऱ्या माणसाची नावं येतात, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे पैसे बुडाले. बधिरांचा समाज एकमेकांना ओळखणारा असतो. पंधरा दिवसांच्या आत दोघांनाही आपली फीत दाखवा आणि ते म्हणतील ते तुकडे कापा. ब्रिटिश संग्रहाने गोष्टी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आणि गप्पा केवळ नोंदणी केलेल्या संशोधकांसाठी, हा मार्ग चांगला आहे.

खरा वेळ खातं ते अ‍ॅनोटेशन, म्हणजे व्हिडिओवर कुठे कोणती खूण आहे ते लिहिणं. त्यासाठी एलान हे मोफत साधन जगभर वापरतात. त्यात उजवा हात, डावा हात, ओठ, भुवया, नजर, मान असे वेगळे थर करायचे आणि एक थर मराठी अनुवादाचा. खुणेला दिलेलं नाव, ग्लॉस, हे त्या खुणेचं लेबल असतं, अर्थ नव्हे. मराठी माणसं इथे हमखास एक चूक करतात. ‘जाणे’ची एकच खूण वाक्य बघून एक जण ‘गेली’ लिहितो, दुसरा ‘जातो’, तिसरा ‘जाणार’. संगणकाच्या लेखी तीन खुणा झाल्या. आणि उलट, ‘पाणी’ या अर्थाच्या दोन निराळ्या खुणांना एकच ‘पाणी’ लेबल लागतं आणि प्रादेशिक फरक कायमचा हरवतो. म्हणून प्रत्येक खुणेला क्रमांक द्या, ‘जा-१’, ‘पाणी-२’, आणि नाव हाताने टाइप करू न देता यादीतून निवडायला लावा. हाताने टाइप केलं तर आणखी एक अडचण येते. ‘पायऱ्या’मधला अर्धा र एका कीबोर्डवर एका प्रकारे बनतो, दुसऱ्यावर वेगळ्या. डोळ्यांना सारखेच दिसतात, पण मोजणीत दोन शब्द होतात. ‘माहिती’ आणि ‘माहीती’चं तर विचारूच नका.

खूण सुरू कुठे होते आणि संपते कुठे, हा नियम पहिल्याच दिवशी लिहून काढा. हात वर उचलला तिथून, की हाताचा आकार पूर्ण झाला तिथून? कोणताही चालेल, पण एकच. ‘चेहरा-काय’ ही एक खूण धरायची की दोन? डावा हात आधीच्या खुणेचा आकार धरून थांबला असेल तर त्याची नोंद किती लांब? आणि घाटातून वळणं घेत जाणारी बस दाखवताना हातच बस होतो, तिथे कोशातला शब्द नसतोच, त्यासाठी वेगळं चिन्ह ठेवा. नाहीतर प्रत्येक जण आपापलं नाव देईल. किमान दहा टक्के भाग दोघांनी एकमेकांचं न पाहता लिहावा आणि मतभेद बसून सोडवावेत. लिहिणारे बधिर असावेत, पगारी असावेत. स्वयंसेवक म्हणून बोलावून प्रमाणपत्र हातात ठेवणं हा अन्याय आहे.

वेळ असा काढा. तुमची २५,००० वाक्यं, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे सुमारे ३५ तासांचा, २,०८३ मिनिटांचा व्हिडिओ. फक्त हातांची नावं लिहायला सरावलेल्या माणसाला मिनिटाला एक तास धरा, भुवया-ओठ घेतले तर दीड तास किंवा जास्त. पहिल्या हिशेबानेच २,०८३ तास. डोळ्यांचं हे काम दिवसाला पाच तासांपलीकडे नीट होत नाही, म्हणजे ४१७ दिवस, एका माणसाची जवळजवळ दोन वर्षं. चित्रीकरण तीन महिन्यांत उरकून अ‍ॅनोटेशनला महाविद्यालयाचं एक सत्र ठेवणारे बेत याच कारणाने फसतात. जर्मन सांकेतिक भाषेच्या संग्रहाने ३३० जणांना घेतलं, पण तो प्रकल्प २००९पासून दीर्घकाळ चालवायचा म्हणूनच आखलेला होता.

मॉडेलबाबत दोनच मुद्दे. एकाच माणसाचे व्हिडिओ शिकवण्यात आणि चाचणीत दोन्हीकडे पडले तर अचूकता फुगते, कारण यंत्र माणूस ओळखतं. विभागणी माणसांनुसार करा, शक्यतो गावांनुसारही. आणि आधीचे संच वापरण्यापूर्वी ते कशातून बनलेत ते बघा. ‘इन्क्लूड’ हा भारतीय संच २६३ सुट्या शब्दांच्या ४,२८७ व्हिडिओंचा आहे, त्यातून वाक्य शिकता येणार नाही. फार वापरला जाणारा जर्मन हवामानवार्तांचा संच केवळ नऊ जणांचा, तोही बोललेल्या बातमीचा चालू अनुवाद करणाऱ्या दुभाषींचा. तिथे मॉडेलला मिळालेले गुण मुंबईच्या लोकलमधल्या गप्पांना लागू होत नाहीत.

तेव्हा ५० ऐवजी १६ जण घ्या: मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, प्रत्येकी दोन जोड्या, निम्म्या बायका, निम्मे चाळिशीच्या पुढचे. दर जोडीचा दीड तास, एकूण १२ तास. त्याआधी एका जोडीचं चाचणी सत्र करून त्यातली दहाच मिनिटं सगळ्या थरांसह पूर्ण लिहून काढा. दोन्ही हात वेगळे धरून आणि दोघांकडून लिहून घेऊन याला तीन-चार आठवडे लागतील. चौकट, शटर, लेबलांची यादी, खुणेच्या सुरुवातीचा नियम, सगळ्यांतले दोष त्या दहा मिनिटांत दिसतील आणि तेव्हा ते स्वस्तात सुधारता येतील. प्रकल्पाच्या खर्चात बधिर समन्वयकाचा पगार पहिल्या महिन्यापासून धरा. प्रश्नांची यादी, विषय, संमतीचा व्हिडिओ हे सगळं त्या व्यक्तीच्या हातून गेल्याशिवाय पहिल्या जोडीला बोलावू नका.